श्वसनविषाणूंवर नव्या औषधाची चाचणी कशी करावी: नाशिकच्या विद्यार्थी-संशोधकांसाठी पायरीपायरीने

नाशिकमध्ये औषधनिर्माणशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत, सातपूर-अंबडला कारखानदारी आहे, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय शहरातच आहे आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमुळे वायनरींमधून दरवर्षी साल-बियांचा चोथा मोठ्या प्रमाणात निघतो. त्यामुळे एखादा विद्यार्थी नव्याने तयार केलेला रेणू घेऊन, तर दुसरा द्राक्षबियांचा अर्क घेऊन "हे सर्दी-तापाच्या विषाणूंवर चालते का" असे विचारत येतो, यात नवल नाही. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. प्लेटमध्ये (पेशी वाढवण्याच्या खळग्यांच्या ताटलीत) विषाणू कमी झालेला दिसणे ही चाचणीची सुरुवात असते. तो औषधामुळे कमी झाला, पेशी मेल्यामुळे कमी झाला की अर्काच्या रंगामुळे तसा भास झाला, हे वेगळे करून दाखवणे हे खरे काम आहे. २०२० साली ज्या औषधांनी जगभर आशा लावली आणि नंतर रुग्णांना फायदा दिला नाही, त्यांतील कित्येकांच्या बाबतीत हेच वेगळे करण्याचे काम घाईत मागे पडले होते.

पहिली पायरी: विषाणू आणि जागा ठरवणे

"श्वसनविषाणू" हा एक गट नाही. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस), पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस आणि कोरोनाविषाणू हे नाक-घसा-फुप्फुसात वाढतात एवढेच त्यांच्यातील साम्य असते. इन्फ्लुएन्झा आणि आरएसव्ही यांना बाहेरून मेदाचे आवरण असते, ऱ्हायनोव्हायरस आणि अ‍ॅडिनोव्हायरस यांना ते नसते. अ‍ॅडिनोव्हायरसचा जनुकसाठा डीएनएचा, बाकीच्यांचा आरएनएचा. आवरण फोडणारा पदार्थ ऱ्हायनोव्हायरसवर चालला नाही तर ते अपयश नसते, त्यातून औषध कसे काम करते याची माहिती मिळते. म्हणून सुरुवातीलाच निदान एक आवरण असलेला आणि एक आवरण नसलेला विषाणू निवडावा.

जागेचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. हंगामी इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस आणि २२९ई व ओसी४३ हे जुने, सौम्य कोरोनाविषाणू जैवसुरक्षा स्तर दोनच्या प्रयोगशाळेत हाताळता येतात (स्तराचा आकडा जितका मोठा, तितकी सुरक्षाव्यवस्था कडक). जिवंत सार्स-कोव्ह-२, म्हणजे कोव्हिडचा विषाणू, वाढवण्यासाठी मात्र स्तर तीन लागतो. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तयार करवून घेतलेल्या, देशातील पहिल्या फिरत्या स्तर-तीन प्रयोगशाळेचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकमध्येच झाले होते, पण ती साथीच्या ठिकाणी जाऊन तपास करण्यासाठी आहे, विद्यार्थ्यांच्या औषधचाचण्यांसाठी नाही. स्तर दोनची सोय, प्रमाणित बायोसेफ्टी कॅबिनेट आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी मंजुरी या तिन्ही गोष्टी हातात नसतील, तर विषाणूचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी सहकार्याने करावे आणि नाशिकमध्ये रसायनाचे, अर्काच्या प्रमाणीकरणाचे व पेशींवरील विषारीपणाचे काम पूर्ण करावे. माझ्या मते बहुतेकांसाठी हीच विभागणी योग्य आहे, कारण विषारीपणाच्या चाचण्यांत विषाणू लागतच नाही आणि निम्मे खोटे निष्कर्ष तिथेच उघडे पडतात.

दुसरी पायरी: पेशी

प्रयोगशाळेत टिकवलेले पेशीप्रकार विषाणूनुसार निवडतात: इन्फ्लुएन्झासाठी एमडीसीके, आरएसव्हीसाठी एचईपी-२, अ‍ॅडिनोव्हायरससाठी ए५४९, ऱ्हायनोव्हायरससाठी हेलाचा एक प्रकार, ओसी४३साठी एचसीटी-८, अशा रूढ जोड्या आहेत. भारतात बहुतेक पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क आणून काम सुरू करण्याचा मोह टाळावा. एचईपी-२ स्वरयंत्राच्या कर्करोगातील पेशी म्हणून जगभर वापरल्या गेल्या आणि त्या प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील, पेशीच असल्याचे नंतर सिद्ध झाले. ही गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर घडू शकते, तर एखाद्या फ्लास्कवरच्या चिठ्ठीवर विसंबून चालणार नाही. पेशींची डीएनए-ओळख तपासून घ्यावी आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी ठरावीक काळाने करत राहावी. मायकोप्लाझ्मा नेहमीच्या गाळणीतून निसटू शकतो, माध्यम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पण पेशींचे चयापचय बदलून सगळे आकडे बिघडवतो.

तिसरी पायरी: औषधाचे द्रावण

शुद्ध रेणू बहुधा डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवतात. पेशींच्या माध्यमात डीएमएसओचे प्रमाण साधारणपणे ०.५ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये. इथे एक साधे गणित विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते: १० मिलिमोलरच्या मूळ द्रावणातून १०० मायक्रोमोलर तीव्रता बनवली, तर ते शंभरपट सौम्यीकरण होते आणि डीएमएसओ १ टक्का होतो. म्हणजे मूळ द्रावण २० मिलिमोलरचे करावे किंवा सर्वोच्च तीव्रता ५० मायक्रोमोलर ठेवावी. तीव्रतांची मालिका बनवताना डीएमएसओचे प्रमाण प्रत्येक वेलमध्ये (प्लेटमधील खळग्यात) सारखेच राहील अशी आखणी करावी, नाहीतर औषधाचा परिणाम आणि द्रावकाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. द्रावण माध्यमात मिसळल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. सुईसारखे स्फटिक दिसले, तर त्या तीव्रतेचा आकडा कागदावरच राहतो, प्रत्यक्ष पेशींपर्यंत तेवढे औषध पोहोचलेले नसते.

अर्काची गोष्ट अधिक अवघड आहे. द्राक्षबियांच्या अर्कात टॅनिन भरपूर असते आणि टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटते, मग ते विषाणूचे असो, पेशीचे असो की माध्यमातील सीरमचे. परीक्षानळीत विषाणू आणि अर्क एकत्र ठेवले की विषाणू निष्प्रभ होतो आणि विद्यार्थ्याला आनंद होतो. परंतु हा परिणाम निवडक नसतो आणि लाळ, श्लेष्मा किंवा रक्तातील प्रथिनांच्या गर्दीत तो टिकेलच असे नाही. याची परीक्षा सोपी आहे. त्याच प्रयोगात गाईच्या सीरममधील अल्ब्युमिन वाढवून पाहावे आणि पीव्हीपीपी वापरून टॅनिन काढलेल्या अर्काची मूळ अर्काशी तुलना करावी. परिणाम नाहीसा झाला, तर तो टॅनिनचा होता. अर्कासाठी चोथा कोणत्या द्राक्षवाणाचा, कोणत्या महिन्यातला, कोणत्या द्रावकात काढलेला, हे लिहून ठेवावे आणि एखाद्या ओळखीच्या घटकाचे प्रमाण एचपीएलसीने (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजून प्रत्येक बॅच त्याच्याशी ताडून पाहावी. पुढच्या हंगामातील चोथ्यातून तोच परिणाम मिळाला नाही, तर कारण शोधायला दुसरा आधार उरत नाही.

चौथी पायरी: विषाणूच्या आधी विषारीपणा

या पायरीवर जितका वेळ द्यावा तितका थोडा. पेशी ९६ वेलच्या प्लेटमध्ये लावून औषधाच्या तिप्पट-तिप्पट उतरत्या आठ तीव्रता द्याव्यात, म्हणजे ५० मायक्रोमोलरपासून सुरुवात केली तर सुमारे १६.७, ५.६, १.९, ०.६२, ०.२१, ०.०७ आणि ०.०२. प्रत्येक तीव्रतेला निदान तीन वेल ठेवावेत, कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होते म्हणून तिथे फक्त माध्यम भरावे आणि संपूर्ण प्रयोग वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या पेशींवर तीनदा करावा. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

औषधाचा संपर्ककाळ पुढच्या विषाणू-चाचणीइतकाच ठेवावा. विषाणूची चाचणी ७२ तासांची आणि विषारीपणाची २४ तासांची केली, तर तिसऱ्या दिवशी मरणाऱ्या पेशी नोंदीत येतच नाहीत आणि औषध आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसते. ज्या तीव्रतेला निम्म्या पेशींची जीवनक्षमता जाते तिला सीसी५० म्हणतात.

एमटीटी चाचणी स्वस्त आहे आणि सर्वत्र होते. जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचे जांभळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर करतात आणि तो रंग ५७० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. मात्र वनस्पतींमधील पॉलीफिनॉल पेशींशिवायही हा रंग तयार करू शकतात. त्यामुळे पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी टाकून ती पार्श्वभूमी मोजावी, वाचनापूर्वी पेशी बफरने धुवाव्यात आणि एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) मोजणारी किंवा रंगाऐवजी पेशींची थेट गणना करणारी दुसरी चाचणी सोबत ठेवावी. शिवाय पेशी मरत नाहीत पण वाढायच्या थांबतात, अशी एक मधली अवस्था असते. विषाणूला वाढायला कार्यरत पेशी लागते. पेशीची वाढ थांबली की विषाणूचीही थांबते आणि औषध विषाणूरोधक असल्यासारखे दिसते. यासाठी वाढत्या आणि पूर्ण भरलेल्या, अशा दोन्ही अवस्थांतील पेशींवर विषारीपणा पाहावा.

पाचवी पायरी: विषाणूवरची चाचणी

सुरुवातीची चाळणी पेशी वाचल्या का यावरून करता येते, पण केवळ तिच्यावर निष्कर्ष काढू नये. प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारल्यामुळे थरात पडलेली रिकामी वर्तुळे, कमी होण्याची चाचणी आजही सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात संसर्गक्षम विषाणू प्रत्यक्ष मोजला जातो. पेशींच्या अखंड थरावर मोजता येतील एवढेच प्लाक पडतील इतका विषाणू द्यावा, वर औषधासह घट्ट माध्यमाचा थर द्यावा आणि ठरलेल्या दिवशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून पांढरी वर्तुळे मोजावीत. मोजणाऱ्याला कोणत्या वेलमध्ये काय होते हे माहीत नसावे. ज्या तीव्रतेला प्लाक निम्मे होतात ती ईसी५०. प्लाकची संख्या तेवढीच राहिली पण आकार लहान झाला, तर तेही नोंदवावे. विषाणू शिरल्यानंतर त्याचा प्रसार रोखला जात असल्याची ती खूण असू शकते.

पीसीआरने विषाणूचा आरएनए मोजणे जलद असते, परंतु मेलेल्या विषाणूचा आरएनएही त्यात मोजला जातो. दोन्ही पद्धतींचे निकाल एका दिशेला जात असतील तरच पुढे जावे.

सीसी५० ला ईसी५० ने भागले की निवडक्षमता निर्देशांक मिळतो. समजा सीसी५० १२० मायक्रोमोलर आणि ईसी५० ४ मायक्रोमोलर असेल, तर निर्देशांक ३० येतो. दहाच्या खालचा निर्देशांक बहुधा पुढच्या कामास पुरेसा मानत नाहीत. हे दोन्ही आकडे एकाच पेशीप्रकारावरचे आणि एकाच कालावधीचे असले पाहिजेत. वेगवेगळ्या पेशींवरचे आकडे भागून काढलेला निर्देशांक अर्थहीन असतो.

प्रत्येक प्लेटवर चार कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, हवेत: फक्त पेशी, पेशी आणि विषाणू, पेशी आणि द्रावक, आणि ओळखीचे औषध. या शेवटच्या कंट्रोलची निवड विचारपूर्वक करावी. इन्फ्लुएन्झावरील गोळीतील ओसेल्टामिव्हिर फॉस्फेट शरीरात यकृतातील विकरांमुळे सक्रिय होते, म्हणून पेशींवर त्याचे सक्रिय रूप, ओसेल्टामिव्हिर कार्बॉक्सिलेट, वापरावे लागते. आरएसव्हीसाठी रिबाव्हिरिन आणि कोरोनाविषाणूंसाठी रेमडेसिव्हिर घेता येते. ओळखीच्या औषधाचा ईसी५० त्या दिवशी अपेक्षेपेक्षा फार दूर आला, तर नव्या औषधाचा आकडा कितीही सुंदर दिसला तरी ती प्लेट बाद करावी.

सहावी पायरी: औषध कुठे अडवते आणि दुसरी पेशी काय सांगते

औषध विषाणूआधी, विषाणूसोबत आणि विषाणू शिरल्यानंतर ठरावीक तासांनी, अशा वेगवेगळ्या वेळी देऊन पाहावे. फक्त आधी किंवा सोबत दिल्यावरच परिणाम होत असेल, तर ते प्रवेश रोखत असावे. काही तासांनी देऊनही चालत असेल, तर आतल्या प्रतीकरणावर (विषाणूच्या प्रती बनण्यावर) त्याचा परिणाम असावा. रुग्ण औषध घेतो तेव्हा संसर्ग होऊन गेलेला असतो, त्यामुळे केवळ आधी दिल्यावर चालणाऱ्या पदार्थाबद्दल लिहिताना "उपचार" हा शब्द वापरू नये. औषध थेट विषाणूकणाला मारते का हे पाहताना, नंतरच्या सौम्यीकरणात औषधाची तीव्रता परिणामकारक पातळीच्या पुष्कळ खाली जाईल याची खात्री करावी, अन्यथा सोबत वाहून आलेले औषधच पेशींवर काम करते.

दुसऱ्या पेशीची गरज का, याचे सर्वांत बोलके उदाहरण क्लोरोक्विनचे आहे. आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींमध्ये क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांनी सार्स-कोव्ह-२ अडवला, मानवी फुप्फुसातून आलेल्या काल्यू-३ पेशींमध्ये अडवला नाही. व्हेरोमध्ये विषाणू आम्लयुक्त कप्प्यांतून आत शिरतो आणि क्लोरोक्विन ती आम्लता कमी करते. फुप्फुसातील पेशींवर टीएमपीआरएसएस२ हे विकर असते आणि त्याच्या मदतीने विषाणू पृष्ठभागावरूनच आत जातो, तिथे क्लोरोक्विनचा काही उपयोग राहत नाही. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा रुग्णालयातील रुग्णांना फायदा नसल्याचे जाहीर केले. काल्यू-३ पेशींवरचा हा इशारा त्यानंतर, जुलै २०२० मध्ये, प्रसिद्ध झाला. याउलट रेमडेसिव्हिर व्हेरोमध्ये मानवी श्वसनपेशींपेक्षा दुबळे दिसते, कारण व्हेरो पेशी त्याचे सक्रिय रूपात नीट रूपांतर करत नाहीत. म्हणजे चुकीची पेशी निकामी औषधाला पास करू शकते आणि कामाच्या औषधाला नापासही करू शकते.

शक्य असेल तर सहकारी संस्थेत मानवी नाकातील पेशींचे, वरून हवा आणि खालून माध्यम मिळणारे संवर्धन वापरावे. त्यात केसल पेशी आणि श्लेष्मा तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि खर्चही बराच येतो, परंतु श्वसनविषाणूंसाठी त्याच्याइतका खऱ्या मार्गाजवळ जाणारा दुसरा प्लेटमधला नमुना नाही.

आणखी एक सावधगिरी. धनभारित आणि अर्धे तेलकट स्वभावाचे अनेक रेणू पेशीत फॉस्फोलिपिड (पेशीपटलातील मेद) साठवून ठेवतात आणि त्या गोंधळात विषाणूची वाढ कमी होते; २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कोव्हिडसाठी सुचवलेल्या अनेक जुन्या औषधांचा परिणाम असाच असल्याचे दिसले. करक्युमिनसारखे काही वनस्पतीजन्य रेणू तर चाचणीच्या पद्धतींनाच फसवण्यासाठी ओळखले जातात. आपला रेणू या प्रकारांत बसतो का, हे रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडून आधीच तपासून घ्यावे.

सातवी पायरी: प्लेटमधला आकडा शरीराच्या मापाने

वरच्याच उदाहरणातील रेणूचा रेणुभार ४०० धरू. ईसी५० ४ मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरमागे १.६ मायक्रोग्रॅम. पण निम्मा विषाणू अडवून रुग्ण बरा होत नाही. नव्वद टक्के अडवणारी तीव्रता, म्हणजे ईसी९०, साध्या वक्रात ईसी५० च्या नऊपट असते, म्हणजे १४.४ मायक्रोग्रॅम. आता औषधाचा ९५ टक्के भाग रक्तातील प्रथिनांना बांधला जात असेल, तर काम करायला मोकळा भाग पाच टक्केच उरतो आणि रक्तात एकूण २८८ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटर औषध लागते. बहुतेक तोंडी औषधांसाठी ही पातळी आवाक्याबाहेरची आहे. तीस निर्देशांक असलेला, प्रबंधात शोभून दिसणारा रेणू इथे थांबतो आणि तो इथेच थांबलेला बरा.

जंतांवरील जुने औषध असलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत २०२० मध्ये हेच झाले. प्लेटमध्ये ५ मायक्रोमोलरला विषाणूचा आरएनए प्रचंड घटला, पण नेहमीच्या मात्रेनंतर रक्तात मिळणारी पातळी त्याहून पन्नासपटीपेक्षा अधिक कमी असते. हे गणित अर्ध्या तासाचे आहे. पेशींवरच्या चाचणीचा निकाल हाती आल्याच्या दिवशीच ते करावे.

आठवी पायरी: प्राणी

प्राण्यांवरील कामासाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची आणि सीसीएसईए (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नोंदणीची अट आहे. इन्फ्लुएन्झासाठी फेरेट, आरएसव्हीसाठी कॉटन रॅट, सार्स-कोव्ह-२ साठी सीरियन हॅमस्टर हे रूढ नमुने आहेत. आधी औषध त्या प्राण्याच्या रक्तात किती वेळ टिकते ते पाहावे. उंदराच्या रक्तातील एस्टरेज रेमडेसिव्हिर इतक्या वेगाने तोडते की संशोधकांना ते विकर नसलेले उंदीर वापरावे लागले. औषधाला दाद न देणारे, प्रतिकारक्षम विषाणू निवडण्याचे प्रयोग विद्यार्थ्यांच्या पातळीवर करू नयेत. ते योग्य सोय आणि विशेष परवानगी असलेल्या संस्थेचे काम आहे.

नववी पायरी: माणसांवरील चाचणी

इथून पुढे नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ लागू होतात. नव्या औषधाच्या चाचणीसाठी सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियामक संस्थेकडे) सीटी-०४ नमुन्यात अर्ज करावा लागतो, परवानगी सीटी-०६ मध्ये मिळते, नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि पहिला सहभागी घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद करावी लागते. द्राक्षबियांच्या अर्कासारख्या पदार्थासाठी २०१५ पासून फायटोफार्मास्युटिकल असा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात शुद्ध केलेला, प्रमाणित आणि निदान चार घटक मोजलेला अंश अपेक्षित असतो. तिसऱ्या पायरीवर बॅच ताडून पाहिल्या असतील तर त्या नोंदी इथे थेट कामी येतात.

श्वसनसंसर्गाच्या चाचणीचा स्वभाव वेगळा आहे. सर्दी-ताप बहुतेकांचा आपोआप बरा होतो, म्हणून यदृच्छ विभागणी आणि शक्य असेल तिथे प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) यांशिवाय काहीच सिद्ध होत नाही. विषाणूची संख्या आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच शिखर गाठते. ओसेल्टामिव्हिरही लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिले तरच निरोगी प्रौढांचा आजार सुमारे एका दिवसाने कमी करते. याचा अर्थ सहभागींना रुग्णालयात नव्हे, बाह्यरुग्ण विभागात आणि खासगी दवाखान्यांत गाठावे लागते आणि तपासणीचा निकाल त्याच दिवशी मिळावा लागतो. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो आणि लहान हंगाम जानेवारी ते मार्चच्या आसपास येतो, त्यामुळे परवानग्यांचे काम उन्हाळ्यापूर्वी संपेल असे वेळापत्रक आखावे. पंचवटीतल्या किंवा सिडकोतल्या डॉक्टरांना सहभागी करून घ्यायचे असेल, तर संमतिपत्र मराठीत, न थांबता वाचता येईल अशा वाक्यांत लिहावे आणि सहभागीला "नको" म्हणायला वेळ द्यावा. तापाने फणफणलेल्या माणसाची घाईची सही ही संमती नव्हे.

लक्षणे कमी होण्याचा काळ हा मुख्य निकष असावा की विषाणूची संख्या, हे आधीच लिहून ठेवावे. फायदा लहान असेल तर सुरक्षिततेची मोजपट्टी अधिक कडक होते. ऱ्हायनोव्हायरसवरील प्लेकोनारिल सर्दी साधारण एका दिवसाने कमी करत होते. तरीही २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली नाही, कारण ते गर्भनिरोधक गोळ्यांसह इतर औषधांच्या चयापचयात ढवळाढवळ करत होते.

दहावी पायरी: लिहिणे

प्रबंधात प्रत्येक प्लेटचे मूळ वाचन परिशिष्टात द्यावे, बाद केलेल्या प्लेट कारणासह दाखवाव्यात आणि निष्कर्षाच्या वाक्यात पेशीचे नाव, विषाणूचे नाव, तीव्रता आणि औषध देण्याची वेळ या चारही गोष्टी आणाव्यात. उदाहरणार्थ: "एमडीसीके पेशींमध्ये, संसर्गानंतर दोन तासांनी दिल्यास, या अंशाने इन्फ्लुएन्झा ए विषाणूचे प्लाक ४ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटरला निम्मे केले, अल्ब्युमिन वाढवल्यावर हा परिणाम टिकला, मानवी नाकाच्या पेशींवर चाचणी झालेली नाही." वर्तमानपत्राचा प्रतिनिधी आला तर त्यालाही हेच वाक्य, शेवटच्या भागासह, लिहून द्यावे.